फोनचं तोंड कुणीकडे

जिल्हा परिषदेच्या शाळेतली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे कपाट. पावसाळ्यात पत्रा गळतो, कुंपणाच्या तारेखालून शेळ्या येऊन व्हरांड्यात रवंथ करत बसतात, क्रिकेटच्या दिवसांत खिडकीची काच टिकत नाही. पण कपाटातल्या वस्तूच्या केसाला धक्का लागत नाही. कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. खुर्च्या इतक्या, सतरंज्या इतक्या, घंटा एक, पृथ्वीगोल एक. गुरुजींची बदली झाली की जाणारा येणाऱ्याला हे सगळं मोजून देतो आणि येणारा सही करण्याआधी पुन्हा एकदा मोजतो. काही कमी भरलं तर रक्कम पगारातून वळती होते, असं प्रत्येक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला सांगत आलेला आहे. कुणाच्या पगारातून झाली, असं विचारलं की नेहमी शेजारच्या तालुक्याचं नाव पुढं येतं.

या एका वहीनं महाराष्ट्रातली शैक्षणिक साधनं जेवढी जपली, तेवढी कुठल्याही संग्रहालयानं जपली नसतील. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यांच्यासोबत साहित्याची पेटी: नकाशे, तक्ते, पृथ्वीगोल, गणिताचं आणि विज्ञानाचं सामान. पेटी आली, मोजून घेतली, नोंदली आणि कपाटात गेली. पुढं कित्येक वर्षं आमच्या भागातल्या मुलांना पृथ्वी बघायला मिळायची ती साहेबांची तपासणी असेल त्याच दिवशी. मग टीव्ही आला, संगणक आले, टॅब आले. त्यांनाही तीच वागणूक मिळाली. पडद्यावरचं प्लास्टिक न काढलेला टीव्ही मी पाहिला आहे. त्याला हार घातलेला होता, कारण उद्घाटन झालं होतं.

पूर्णा हे तालुक्याचं गाव परभणी आणि नांदेडच्या मधे. त्या तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी पहिली ते पाचवीच्या शाळेत शिकवतो. शाळा दोन शिक्षकी, म्हणजे एका वेळी दोन-तीन इयत्ता एकेकाच्या वाट्याला. शाळेला वीज आहे, म्हणजे मीटर आहे. बिल सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, भरायचं आणि सादिलची रक्कम येणार ती तिच्या सोयीनं. बिलाची तारीख मात्र कुणाच्या सोयीसाठी थांबत नाही. त्यामुळं वर्षातले काही महिने शाळा अगदी प्राचीन गुरुकुलासारखी चालते. अशा ठिकाणी वर्गात डिजिटल साधनं कशी वापरावीत, यावर पुण्याहून एखादे तज्ज्ञ येऊन बोलू लागले की आम्ही आदरानं ऐकतो आणि त्यांच्या लॅपटॉपसाठी शेजारच्या घरातून वायर ओढून देतो.

तरीही साधन आहे. ते माझ्या खिशात असतं, माझ्या पैशांनी घेतलेलं असतं आणि मुख्य म्हणजे रजिस्टरला नोंदलेलं नसतं. म्हणून ते वापरता येतं. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या शाळांत जी काही डिजिटल क्रांती झाली, ती बहुतेक शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर झाली, हे कधीतरी कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

आता प्रश्न इतकाच उरतो की या फोनचं तोंड कुणीकडे असतं. सकाळी शाळेत पाऊल ठेवल्यापासून ते वरच्या दिशेला वळलेलं असतं. वर म्हणजे केंद्र, त्याच्यावर तालुका, त्याच्यावर जिल्हा, त्याच्यावर पुणे आणि त्याच्याही वर मुंबई. हजेरी भरा, खिचडी किती ताटं वाढली ते भरा, आधार जुळलं का ते बघा. २०१५ मध्ये सरल नावाची प्रणाली सुरू झाली. हिच्यात एकदा माहिती भरली की शाळेला पुन्हा पुन्हा भरावी लागणार नाही, असं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर आम्ही तीच माहिती इतक्या ठिकाणी भरली की वर्गातल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख मला माझ्या स्वतःच्या मुलाच्या तारखेआधी आठवते. २०१६ च्या नोव्हेंबरात तर शासन निर्णयच निघाला होता: जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकानं मुलांचे दहा-दहाचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायची आणि ती सरलवर चढवायची. गैरहजर राहणारी पोरं हुडकावीत, हा हेतू चांगला होता. पण राज्यभरातले गुरुजी दर सोमवारी हात लांब करून, मान तिरकी करून, मागं दहा चेहरे बसवायचा प्रयत्न करताहेत, हे दृश्य राज्याला झेपलं नाही. संघटनांनी ओरड केली आणि प्रत्यक्षात येण्याआधीच तो निर्णय बाजूला पडला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. आमच्या खिचडीवाल्या मावशींनी पहिल्या सोमवारसाठी नवी साडी काढून ठेवली होती.

पुढं हजेरी घेणारा चॅटबॉट आला. तो अगदी नम्र. नमस्कार म्हणतो, धन्यवाद म्हणतो. गावात रेंज नसेल तर मी फोन घेऊन पाण्याच्या टाकीकडं जातो, तिथं हात वर केला की दोन दांड्या येतात. मुलांना वाटतं सर कुणाला तरी टाटा करायलेत.

आम्ही जे शिकतो तेही याच फोनवर. दीक्षा हे व्यासपीठ २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं आणि कोविडच्या काळात त्यावर शिक्षकांसाठी निष्ठा नावाच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम आले. चित्रफीत पूर्ण चालली पाहिजे, मग प्रश्न, मग प्रमाणपत्र. चित्रफिती चांगल्या होत्या, असं ज्यांनी बघितल्या ते सांगतात. बाकीच्यांच्या फोनमध्ये त्या भाजी निवडताना, गाडी पुसताना, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत शांतपणे चालू होत्या. बालकेंद्री अध्ययनावरचं व्याख्यान बुंदीच्या ताटाशेजारी पूर्ण झालं.

खरं प्रशिक्षण रेल्वेत होतं. पूर्णा हे जंक्शन. एक वाट परभणीवरून मनमाडकडे, एक नांदेडवरून हैदराबादकडे, एक वसमत-हिंगोलीवरून अकोल्याकडे. मीटरगेजच्या जमान्यात इथं इंजिनांची शेड होती आणि अर्धं गाव शेडच्या घड्याळावर जेवायचं. आता त्या गाड्यांतून अप-डाऊन करणारे शिक्षक दिसतात. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, म्हणून ते अप-डाऊन करत नाहीत. फक्त रोज गाडीत बसतात. त्या डब्यात एखाद्या बाई चौथ्या बाकावरून ओरडून विचारतात, ‘अपूर्णांकाचं काही हाय का कुणाकडं?’ आणि तीन फोन पुढं येतात. कुणी स्वतः काढलेली चित्रफीत देतो, कुणी मुलीकडून करून घेतलेला खेळ. अमुक चालतं, तमुक वर्गात फसतं, हे तिथं स्पष्ट सांगतात, कारण तिथं फोटो चढवायचा नसतो.

टीव्हीची हकिगत यानंतरची. गावातले एक निवृत्त पॉइंट्समन आहेत. लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही घ्यायचं ठरलं तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी एकट्यानं दिली आणि एकच अट घातली: कपाटात ठेवायचा नाही. मी म्हटलं, काका, पोरांच्या हातून फुटला तर? ते म्हणाले, ‘गुरुजी, शेडमदी उभं ऱ्हायलेलं इंजिनच आधी खराब व्हतंय.’ रजिस्टरला नोंद केली, शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘देणगीदाराची अट: चालू ठेवणे’ एवढंच लिहिलं. पुढच्या मोजणीला साहेबांनी त्यावर बराच वेळ बोट ठेवलं होतं.

फोन त्या टीव्हीला जोडला आणि पहिल्यांदा त्याचं तोंड वर्गाकडं वळलं. भूगोलाचा तास होता. उपग्रहातून दिसणारी पृथ्वी फिरवत फिरवत आपल्या नदीवर उतरायचं, असा बेत. मी ‘पूर्णा नदी’ असं लिहिलं. पृथ्वी झर्रकन फिरली आणि आम्ही एका नदीवर उतरलो. पाचवीतली एक मुलगी लगेच उठून उभी राहिली. ‘सर, ही आपली न्हाई.’ कशावरून? ‘आपल्या नदीवर रेल्वेचा पूल हाय. आन् गाव कुठाय?’ पाहिलं तर आम्ही विदर्भात होतो. महाराष्ट्राला दोन पूर्णा आहेत. एक सातपुड्यातून निघते, अमरावती-अकोल्याकडून वाहत जाऊन तापीला मिळते. आमची अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि गोदावरीला मिळते. तिसरी गुजरातेत, नवसारीजवळून समुद्राला जाते. यंत्राला तिन्ही सारख्याच.

मग आपली शोधायची कशी, यावर वर्गात जी चर्चा झाली तिचा एकही मुद्दा माझ्या पाठटाचणात नव्हता. कुणी म्हणालं, परभणी लिहा. रेल्वेत काम करणाऱ्या बापाचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, नांदेड लिवा आन् रुळाच्या मागं मागं चला. जिथं तिसरा रूळ येऊन मिळतोय तिथं आपण.’ तसंच केलं. दोन काळे धागे पश्चिमेकडं सरकत गेले, उत्तरेकडून तिसरा येऊन मिळाला आणि वर्गात एकच गलका झाला. मग नदीच्या उलट दिशेनं वर वर गेलो. सिद्धेश्वरचं धरण लागलं, त्याच्यावर येलदरीचं. ज्या कालव्याच्या पाण्यावर यांच्या घरचा गहू येतो, ते पाणी कुठं अडवलेलं आहे हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आणखी उत्तरेला सरकलो तर जमिनीत कुणीतरी कंपास ठेवून आखल्यासारखं गोल: लोणार. व्यास मोजायचं साधन त्या नकाशातच असतं. चौथीच्या एका मुलानं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ ओढली, दोन किलोमीटरला थोडी कमी भरली. उल्केच्या आघातानं काळ्या बेसाल्टमध्ये पडलेला हा खड्डा. याचं खारं पाणी २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झालं होतं, हेही सांगून झालं. ‘का झालं?’ मिठाचं प्रमाण वाढलं आणि खारटपणात राहणारे सूक्ष्मजीव माजले, म्हणून. ‘आपली नदी व्हईल का?’ तिला आधी पाणी तर येऊ दे, असं दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं.

शेवटी सगळ्यांना स्वतःचं घर बघायचं होतं. हा भाग टाळता येत नाही, टाळूही नये. एका मुलीनं आपलं घर ओळखलं आणि तोंड पाडलं. ‘सर, हे खोटंय. आम्ही दिवाळीला नवा पत्रा टाकलाय. इथं जुनाच हाय.’ मग हे चित्र आत्ताचं नाही, केव्हातरी काढून ठेवलेलं आहे, हे तिनंच सिद्ध केलं. किती जुनं, हे शोधायला सगळे कामाला लागले: शाळेची भिंत आहे का, टाकीचा रंग कुठला, पाटलांची बाभळ पडली ती दिसते का. पडद्यावर दिसतं म्हणून ते आज खरं असतंच असं नाही, हे मी त्यांना शिकवायला गेलो असतो तर व्याख्यान झालं असतं. पत्र्यानं ते फुकटात झालं.

अशा वेळी परितेवाडीची आठवण येते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा आणि अडगळीच्या खोलीच्या मधे सापडलेली होती. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेतली. त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, मग पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा. पुढं २०१७ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे चौकोन छापून येऊ लागले आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकले. पेपरांत क्यूआर कोडचं कौतुक रकाने भरून आलं. मला मात्र त्यातलं अवघड काम कन्नड शिकण्याचं वाटतं. कोड चिकटवायला डिंक पुरतो.

तो चौकोन मात्र खेड्यातल्या पुस्तकासाठीच बनवलेला असावा इतका सोशिक आहे. प्रत्यक्षात तो १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला मासाहिरो हारा यांनी तयार केला. तीन कोपऱ्यांतल्या तीन डोळ्यांमुळं तो उलटा धरा, आडवा धरा, फोनला कळतं. आणि मजकूर आत अशा रीतीनं पुन्हा पुन्हा विणलेला असतो की काही प्रकारांत तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येतो. आमच्या तिसरीच्या पुस्तकांवर तेल, चिंच, बोटाची शाई आणि एकदा कोंबडीचा पाय उमटलेला होता. फोननं कुरकूर न करता धडा उघडला. इतकं सहनशील साधन शिक्षण खात्यात दुसरं मला माहीत नाही.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड या शिक्षकानं आदिवासी पाड्यावरची शाळा सौरऊर्जेवर डिजिटल केली, ती बघायला राज्यभरातून शिक्षक जात. परत येताना प्रत्येकाच्या डोक्यात टीव्हीचा आकार असे, सौर तबकड्यांचा भाव असे. मी एका परतलेल्या मित्राला विचारलं, मुलं काय करत होती? तो विचारात पडला. म्हणाला, ‘आम्ही इतके जण होतो की मुलं दिसलीच नाहीत.’

पण माझ्या लेखी सगळ्यात उपयोगी साधन टीव्हीपेक्षा आणि क्यूआरपेक्षाही साधं निघालं. प्लिकर्स नावाचा एक प्रकार आहे. मुलांकडं फोन लागत नाही. प्रत्येकाला एक कागद द्यायचा, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. नक्षीच्या चार बाजूंना अ, ब, क, ड. प्रश्न विचारायचा आणि ज्याला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून त्यानं कागद छातीशी धरायचा. मी माझा फोन वर्गावरून एकदा फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर आहे ते माझ्या पडद्यावर उमटतं. शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही, कारण त्याची नक्षी वेगळी. ज्या सेल्फीसाठी राज्य तयार झालं नाही, जवळजवळ तीच क्रिया. फक्त आता फोन मुलांना काहीतरी विचारत असतो.

आपल्या वर्गात हात कोण वर करतं? तेच चार जण. त्यांच्या उत्तरावर गुरुजी पुढं जातात आणि बाकीचे मान डोलवतात. मान डोलवण्यात आमची मुलं तरबेज आहेत. सप्त्यात कीर्तनाला बसून बसून ती कला घरोघर आहे. पाचवीला मी दशांश शिकवले, सगळ्यांना समजले. माना डोलल्या. मग प्रश्न दिला: ३.५ आणि ३.१२ यांत मोठी संख्या कोणती? फोन फिरवला. जवळजवळ सगळा वर्ग म्हणत होता, ३.१२. बारा पाचापेक्षा मोठे, यात त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं. हात वर करणाऱ्या चौघांपैकी तिघंही तिकडंच होते.

रुपये-पैशांचं उदाहरण द्यायला गेलो, तर पैसे त्यांनी पाहिलेच नव्हते. त्यांच्या हिशेबात रुपयाच्या खाली चिल्लर संपते. मी फळ्यापुढं खडू घेऊन उभा, आणि मागच्या बाकावरून, एरवी ज्याचा आवाज खिचडीच्याच वेळी ऐकू येतो, तो मुलगा म्हणाला, ‘सर, दुधाची फॅट साडेतीन लागली तर भाव मिळतोय. तीन बाराला दूध वापस.’ हा रोज सकाळी गाईचं दूध डेअरीवर घालतो. तिथल्या यंत्रावर आकडा येतो, चिठ्ठी निघते, आणि त्या आकड्यावर घरातलं वातावरण ठरतं. टिंबानंतरचा पहिला आकडा किती महत्त्वाचा, हे वर्गात फक्त त्यालाच पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चिठ्ठ्यांचा गठ्ठाच आणला. आम्ही आठवडाभर फॅटवर गणितं केली. चढता क्रम, उतरता क्रम, फरक, सरासरी. गावात गाय कुणाची बरी यावरून दोन मुलींचं भांडण झालं, तेवढं सोडलं तर प्रकरण यशस्वी.

कोविडमध्ये हाच फोन एकदम सर्वस्व झाला होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शाळा बंद पण शिक्षण सुरू, असं सांगत रोजचा अभ्यास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली सुरू झाली. गट केला तेव्हा कळलं, घरात फोन एक, तो बापाबरोबर शेतात, आणि तो घरी येतो तेव्हा पोरगं झोपलेलं. काही घरांत तोही नव्हता. सोलापूरच्या नीलमनगर भागात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले, पोरं जाता-येता वाचायची. भिंतीला रिचार्ज लागत नाही. आमच्याकडं मारुतीच्या पारावर पोरांना लांब लांब बसवून मी फोनमधल्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवायचो. तंत्रज्ञानाचा हा वापर कुठल्या रकान्यात बसतो ते मला अजून सांगता आलेलं नाही.

एक तास मात्र सांगायचा राहिला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. पारी या संकेतस्थळानं २०१७ पासून त्या आवाजासकट लोकांपुढं ठेवल्या. त्यात आमच्याच भागातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. मी फोन टीव्हीला जोडला, पडदा तसाच काळा राहू दिला आणि त्यांचा आवाज लावला. पहिल्यांदा पोरं हसली. जुनं गाणं, ओढून ओढून म्हटलेलं. सीतेच्या वनवासाच्या ओव्या होत्या. मग एक जण म्हणाला, ‘सर, ताडकळसला माझी मावशी हाय,’ आणि एकदम सगळं घरचं झालं.

दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ: आजीला एक ओवी म्हणायला लावा आणि तिचा आवाज भरून आणा. याला विरोध झाला तो आज्यांकडून. एक म्हणाली, जातं न्हाई तर ओवी कशी येईल, हात फिरल्याबिगर तोंड चालत न्हाई. तिच्या नातीनं आजीपुढं पालथी परात ठेवली आणि ती गोल फिरवायला लावली. आवाजात परातीची खरखर आहे, मधेच कोंबडा आहे, आजीचं ‘झालं का गं, बंद कर आता’ आहे. फोनमध्ये मराठी वाचन ऐकून चुका दाखवणारं एक अ‍ॅप मी वर्गात वापरतो. त्याला पोरांचं ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ मान्य होत नाही, ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावतं. बरोबरच आहे, छापलेलं वाचता आलंच पाहिजे. पण त्याच फोनमध्ये आजीचं ‘न्हाई’ कुणीही न दुरुस्त करता साठवलेलं असतं, हे मुलांना कळलं तेव्हा त्यांनी आपापल्या घरातले आवाज आणायचा सपाटाच लावला. माझ्या फोनची जागा भरली. वरून मागवलेले फोटो काढून टाकून मी ओव्या ठेवल्या. ते फोटो वर पोचलेले आहेत, त्यांची मला चिंता नाही.

आता गावात नवीन विषय चालू आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होतात आणि दीड तास पोरं अभ्यासाला बसतात. ही बातमी आमच्या सरपंचांनी फोनवर पाहिली आणि फोनवरच सगळ्यांना पाठवली. आपल्याकडंही भोंगा बसवू, असं ठरवायला पारावर बैठक झाली. बायकांचं म्हणणं, सातला मालिका असते. पुरुषांचं म्हणणं, बायकांना त्रास नको. तरुण पोरांचं म्हणणं, वडगावला शेती बागायती आहे, तिथली गोष्ट वेगळी. याचा संबंध काय, ते मात्र कुणी विचारलं नाही. एका आजोबांनी स्वीडन देशातही शाळांत पुन्हा छापील पुस्तकं आणायला सरकारनं पैसे ठेवल्याचं सांगितलं. हे त्यांना कुठून कळलं असं विचारल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यातून फोन काढून दाखवला.

माझं मत विचारलं. मी म्हटलं, भोंगा बसवा, पण त्या दीड तासात मोठ्यांनी काय करायचं तेही ठरवा. पोरं तुमच्याकडंच बघत बसणार आहेत. यावर बैठक जरा पातळ झाली. पाचवीतली ती पत्र्याची मुलगी पाराच्या कडेला उभी होती. तिनं विचारलं, ‘सर, तुमचा बी फोन बंद व्हणार का?’ माहिती मागवणारे निरोप बहुधा सातनंतरच येतात, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. केंद्रप्रमुखांना विचारून सांगतो, म्हटलं.

वेळ सातची की साडेसातची, यावर अजून एकमत नाही. भोंगा वाजवायचं काम मात्र पॉइंट्समन काकांनी आपणहून मागून घेतलं आहे. एक मिनिट इकडं-तिकडं होणार नाही म्हणाले. फक्त वेळ ठरली की ती लेखी द्या, तोंडी हुकमावर त्यांनी आयुष्यात कधी गाडी सोडलेली नाही.